चार घोडे, एक कार्ड आणि दोन मिनिटं

समजा, तुम्ही १२ वर्षांच्या आहात. समोर मैदानात चार घोडे ओळीने उभे आहेत. त्यांची नावं तुम्हाला माहीत नाहीत, फक्त १ ते ४ असे नंबर आहेत. तुमच्या हातात एक छोटं कार्ड आहे आणि शेजारच्या मैत्रिणीशी एक शब्दही बोलायचा नाही. थोड्याच वेळात पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे तुम्हाला ठरवायचंय. चार घोड्यांचे एकूण २४ क्रम होऊ शकतात. त्यातला एक निवडायचा आणि कार्ड देऊन टाकायचं. मग बदल नाही. आई बाहेर बसलेली असली तरी तिला खुणावता येत नाही.

अमेरिकेतल्या फोर-एच क्लबमधली मुलं हे शिकतात. १९०२ मध्ये ओहायो राज्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झालेल्या एका क्लबपासून या चळवळीची सुरुवात मानली जाते. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे ते चार एच. विद्यापीठांच्या कृषी विस्तार कार्यालयांमार्फत हे क्लब चालतात. तुमची बहीण किंवा नणंद तिकडे राहत असेल, तर तिच्या भागातही असा क्लब असू शकतो.

घोडेस्वारी म्हटलं की आपल्याला आधी खर्च आठवतो. पण घोड्यांची पारख शिकायला स्वतःचा घोडा लागत नाही. लागतात ते डोळे, आणि मग तोंड!

आधी लांबून पाहा

नवखं मूल पहिल्यांदा रंग पाहतं. चकचकीत काळा घोडा, कपाळावर पांढरा ठिपका, लांब आयाळ, की झाला तो पहिला. मी माथेरानला घोडा निवडला तेव्हा नेमकं हेच केलं होतं, त्यामुळे मला हसायचा अधिकार नाही. क्वार्टर हॉर्स जातीच्या वर्गात मात्र रंगाला महत्त्व नाही.

आधी थोडं लांब उभं राहून बाजूने पाहायचं. मान आणि खांदा, मधलं धड आणि मागचे पुठ्ठे एकमेकांना शोभतात का? मग समोरून पाय पाहायचे. खांद्याच्या टोकापासून एक ओळंबा सोडलाय अशी कल्पना करायची. तो गुडघ्याच्या आणि खुराच्या मधोमध गेला पाहिजे. घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. गुडघा ओळंब्याबाहेर असेल, तर सांध्याच्या एकाच बाजूवर जास्त भार येतो आणि घोडा पुढे लंगडण्याची भीती वाढते. खांदा फार उभा असेल तर पाऊल आखूड पडतं आणि स्वाराला धक्के बसतात. शेवटी घोडा चालवून आणि दुडक्या चालीने पळवून पाहायचा, कारण उभ्या घोड्याचे काही दोष लपतात.

ही नुसती स्पर्धेची तयारी नाही. लेकीसाठी पहिला घोडा घेताना आईवडील रूपाला भुलले आणि वर्षभरात तो लंगडायला लागला, तर पैसे जातातच. शिवाय मुलीला जीव लावलेल्या जनावरावर बसता येत नाही, ते वेगळंच.

‘मान्य आहे’ म्हणायची सक्ती

खरी परीक्षा कार्ड दिल्यानंतर असते. मूल एकेकटं परीक्षकांसमोर उभं राहतं आणि आपल्या क्रमाची कारणं सांगतं. साधारण दोन मिनिटं मिळतात आणि बहुतेक ठिकाणी हातात टिपण चालत नाही. ते असं काहीसं बोलतं: ‘मी ३-१-४-२ असा क्रम लावला. ३ ला १ च्या वर ठेवलं, कारण ३ चा खांदा जास्त तिरका आहे आणि पुढचे पाय जास्त सरळ आहेत. १ चे पुठ्ठे ३ पेक्षा भरदार आहेत, हे मला मान्य आहे. तरीही पायांमुळे मी त्याला दुसरा ठेवलं.’

यात ‘चांगला’ हा शब्द नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? नुसतं चांगला म्हणून भागत नाही. कशापेक्षा आणि कशात, ते सांगावं लागतं. शिवाय ज्याला खाली ठेवलं त्याची जमेची बाजूही बोलून दाखवायची. आमच्या घरी ‘का?’ या प्रश्नाला ‘असंच’ हे उत्तर चालायचं. कॉलेजच्या पहिल्या मुलाखतीत तेच तोंडावर आलं होतं, तेव्हा मला या मुलांचा हेवा का वाटतो, ते समजून घ्या.

गुण देण्याची पद्धतही मजेशीर आहे. क्रमाला ५० गुण. परीक्षक प्रत्येक जोडीतला फरक आधीच ठरवतात. पहिल्या दोघांत २ गुणांचाच फरक धरला असेल आणि मुलीने त्यांची अदलाबदल केली, तर तिला ४८ मिळतात. मधल्या जोडीत ६ चा फरक असेल आणि तीच उलटी लावली, तर ६ गुण जातात. म्हणजे अवघड ठिकाणी चुकलात तर थोडं नुकसान, ढळढळीत गोष्ट दिसली नाही तर जास्त. कारणांचे ५० गुण वेगळे. म्हणून क्रम थोडा चुकूनही, जे दिसलं ते खरं आणि नीट सांगणारं मूल पुढे जाऊ शकतं.

आपल्याकडेही अश्वपरीक्षा जुनी आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे अंगावरचे भोवरे पाहतात, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणीचं कौतुक होतं, मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान पाहतात. भोवऱ्यावरून शुभ-अशुभ ठरवणं मला पटत नाही. पण तिथले अनुभवी लोक घोडा पळवून पाहिल्याशिवाय व्यवहार करत नाहीत, ते मात्र पटतं.

पुढच्या वेळी माथेरानला मुलांना घेऊन गेलात, तर घोडा निवडायचं काम त्यांच्यावर सोपवा. त्यांना घोड्याच्या अगदी मागे उभं राहू देऊ नका. घोडेवाल्याला म्हणा, ‘दादा, जरा चार पावलं चालवून दाखवा.’ आणि मुलांना विचारा, हाच का?