दारावरची नोटीस आणि ४५ दिवसांची मुदत

गहाण घरावर धनकोला हक्क बजावावयाचा तर त्याने आधी दिवाणी न्यायालयात दावा लावावा, हुकूमनामा मिळवावा आणि मगच जप्तीचा बेलीफ ऋणकोच्या दारी पाठवावा, असा जो क्रम आपल्या वाडवडिलांनी पाहिला, तो बँकांपुरता २००२ च्या सरफेसी कायद्याने उलटा केला. आता बँक स्वतःच ताबा घेते आणि न्यायाची पायरी चढण्याचा भार घरमालकावर येतो.

हिंगोलीत, वसमतेत वा कळमनुरीत ज्याने घर तारण ठेवून कर्ज काढले आणि ज्याचे हप्ते थकून खाते अनुत्पादित ठरले, त्यास प्रथम ६० दिवसांची मागणी-नोटीस येते. पुष्कळ घरांत ती विजेच्या बिलांबरोबर खुंटीच्या तारेत ओवली जाते आणि पहिला घात तेथेच होतो. कारण याच मुदतीत लेखी हरकत नोंदविली, तर बँकेस १५ दिवसांत सकारण उत्तर देणे भाग असते, आणि पुढील कज्ज्याचा पाया बहुधा त्या उत्तरातच सापडतो. मुदत सरली की ताब्याची नोटीस दारावर डकवली जाते, सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत छापली जाते, आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेस जिल्हादंडाधिकाऱ्यांचे साहाय्य मागता येते.

दिवाणी न्यायालयाचे दार कलम ३४ ने बंद असल्यामुळे दाद मागावयाची ती ४५ दिवसांत, छत्रपती संभाजीनगरच्या ऋणवसुली न्यायाधिकरणापुढे. सेनगावच्या किराणा दुकानदाराने तारखेगणिक दुकान बंद ठेवून, वकिलाची फी जुळवून हा पल्ला गाठावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. निदान न्यायाधिकरणाचे फिरते पीठ जिल्ह्याच्या ठिकाणी यावयास हवे. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दाद मागण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली नसती, तर एवढाही मार्ग सामान्यास उरला नसता.

सहकारी बँकेस हे अधिकार नाहीत, या समजुतीवरही कोणी विसंबू नये. विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी घटनापीठाने तो वाद निकालात काढला. शेतजमिनीस कायद्याने सूट आहे, गावठाणातील घरास ती नाही. सगळी थकबाकी भरून घर सोडविण्याचा हक्कही लिलावाच्या दिवसापर्यंत टिकत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर आणि बाफना मोटर्स प्रकरणातील २०२३ च्या निर्णयानुसार, लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होताच तो संपतो.