शपथ का मोडते? मद्यासक्ती आणि मेंदूतील संवाद (लेखांक चौथा)

ग्वाल्हेरच्या फूलबाग परिसरात गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल सोसायटीची वास्तू अशी वेगवेगळ्या श्रद्धांची स्थाने महाराजा माधवराव शिंदे यांच्या काळापासून शेजारी शेजारी उभी आहेत. दारू सोडण्याची शपथ या सर्व श्रद्धांच्या लोकांना परिचित आहे. मराठी घरांत तर गळ्यात तुळशीची माळ घालणे म्हणजे मद्यमांस वर्ज्य करणे, असाच संकेत आहे. अशी शपथ बहुधा खऱ्या मनाने घेतली जाते, तरीही ती पुष्कळदा काही दिवसांतच मोडते आणि मग घरची माणसे शपथ घेणाऱ्याला मनाचा कच्चा ठरवतात. मागील लेखांकात मद्याचा एकेका मज्जापेशीवर होणारा परिणाम पाहिला. या लेखांकात मेंदूचे विभाग परस्परांशी जो संवाद साधतात त्याचे व्यसनात काय होते हे पाहावयाचे आहे, कारण शपथ घेणे आणि ती पाळणे ही मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळी कामे आहेत.

दूरच्या परिणामांचा विचार करून समोरची इच्छा आवरणे हे काम मुख्यतः कपाळामागच्या भागाचे, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे असते. इच्छा आणि सवय यांचे व्यवहार मेंदूच्या खोल गाभ्यातील स्ट्रायटम या केंद्रसमूहात चालतात, तर भय आणि अस्वस्थता यांची नोंद अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग ठेवतो. हे विभाग सुटे काम करीत नाहीत. एखादी इच्छा आवरली जाते ती कपाळामागून निघालेला संदेश गाभ्यापर्यंत वेळेवर आणि पुरेशा जोराने पोहोचला तरच.

मद्यपानाच्या आरंभीच्या काळात डोपामिन हे रसायन पेल्याबरोबर उसळते, परंतु पुनरावृत्तीने ही उसळी पेल्यावरून पेल्याची चाहूल देणाऱ्या खुणांवर सरकते: दुकानाची पाटी, ठरावीक मित्र, सायंकाळची ठरावीक वेळ. त्याच सुमारास या वर्तनाचा ताबा स्ट्रायटमच्या खालच्या, सुखाशी निगडित भागाकडून वरच्या, सवयीशी निगडित भागाकडे हळूहळू जातो, असे ब्रिटिश संशोधक बॅरी एव्हरिट आणि ट्रेव्हर रॉबिन्स यांनी मांडले आहे. अशा अवस्थेत पिण्यात सुख उरले नसले तरी पाय दुकानाकडे वळतात, आणि 'मजा येत नाही, तरी पितो' हे अनेक मद्यासक्तांचे म्हणणे घरच्यांना खोटे वाटले तरी मेंदूच्या रचनेशी ते तंतोतंत जुळते. मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना जोडलेले अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद केले. त्या निर्णयामागची कारणे सामाजिक होती, पण सोडू पाहणाऱ्या माणसाच्या रोजच्या वाटेवरची एक जोरकस खूण त्यामुळे कमी झाली, हा त्याचा मेंदूच्या बाजूने दिसणारा अर्थ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

खुणांचा जोर वाढत असतानाच आवर घालणारा मार्ग दुबळा होतो. मेंदूच्या दूरदूरच्या विभागांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्यांना श्वेतद्रव्य म्हणतात आणि त्या तंतूंवर मायलिनचे आवरण असते, जे विजेच्या तारेवरील वेष्टणाप्रमाणे संदेश वाटेत विरू देत नाही. दीर्घकाळच्या मद्यपानाने हे आवरण आणि तंतूंची रचना ढासळते. पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने किती सरळ वाहतात हे मोजणाऱ्या डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग या एमआरआय तंत्राने ही हानी जिवंत माणसाच्या मेंदूत पाहता येते, आणि ती विशेषतः पुढच्या भागात, तसेच दोन्ही गोलार्धांना सांधणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या सेतूच्या अग्रभागी आढळते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एडिथ सलिव्हन आणि अडॉल्फ फेफरबॉम यांनी आणखी एका मार्गाकडे लक्ष वेधले: अग्रखंड आणि डोक्याच्या मागील बाजूचे अनुमस्तिष्क यांना जोडणारी साखळी. अनुमस्तिष्क तोल सांभाळते एवढेच पूर्वी मानले जाई. पण ते विचारांचा क्रम लावण्यातही अग्रखंडाला साहाय्य करते, म्हणून ही साखळी कमजोर झाली की चालणे अडखळते आणि नियोजनही अडखळते.

या अभ्यासांतून पुढे आलेली एक गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. स्मरणाची साधी परीक्षा मद्यासक्त व्यक्ती कधी कधी इतरांइतक्याच चांगल्या रीतीने उत्तीर्ण होते, परंतु त्या वेळी तिच्या मेंदूतील वेगळे विभाग कामाला लागलेले दिसतात, कारण नेहमीचा मार्ग खचल्यामुळे मेंदू आडमार्गाने तेच काम उरकत असतो. निवांत वेळी हा आडमार्ग पुरतो. थकवा, भांडण, भूक किंवा खूण यांपैकी काही समोर आले की तो अपुरा पडतो. सकाळी शुद्ध मनाने घेतलेली शपथ सायंकाळी का टिकत नाही, याचे बरेचसे उत्तर येथे आहे, आणि अशा माणसाला केवळ 'मन घट्ट कर' असे सांगणे हे अन्यायाचे आहे.

एकाएकी दारू सोडणे धोक्याचेही ठरू शकते. मद्याच्या सततच्या गुंगीशी जुळवून घेण्यासाठी मेंदूने उत्तेजक संदेशांची पातळी वाढवलेली असते. मद्य थांबताच ही उत्तेजना मोकळी सुटते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत कंप, भ्रम व बेशुद्धी यांपर्यंत मजल जाऊ शकते, ज्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दीर्घकाळच्या मद्यपानाने निर्माण होणारी ब-१ या जीवनसत्त्वाची उणीव तातडीने भरून न काढल्यास थॅलॅमस आणि त्याखालील मॅमिलरी पिंड यांची हानी होते, नव्या आठवणी साठवणारे मंडल तुटते आणि ही कोर्साकोफ विकृती पुष्कळदा कायमची राहते. म्हणून रोज पिणाऱ्या माणसाने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मद्यावलंबी ३८ व्यक्तींमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेल्यांच्या हाती बहुधा शपथच असते.

हानी सर्वस्वी अपरिवर्तनीय नसते. मद्य थांबल्यावर काही आठवड्यांतच मेंदूच्या आकारमानात सुधारणा दिसू लागते, श्वेतद्रव्य मात्र महिनोन्‌महिने सावकाश सावरते, उतारवयात त्याहूनही सावकाश, आणि पुन्हा पिणे सुरू झाल्यास ही कमाई गमावली जाते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात सुमारे पाच आठवड्यांच्या निवासी उपचारांनंतर दीर्घकाळ पाठपुरावा केला जातो, तो याच कारणाने सयुक्तिक ठरतो. माळ घातलेल्या माणसाची शपथ जेथे टिकते, तेथेही बहुधा एकादशी, भजन आणि सोबतीची माणसे यांनी त्याच्या सायंकाळच्या जुन्या खुणा बदललेल्या असतात. मार्ग सावरेपर्यंतच्या या काळात नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे मेंदूच्या संवादात नेमका कोठे हस्तक्षेप करतात, ते पुढील लेखांकात पाहू.