शिफ्ट सोडताना काय सांगून जाता?

पहिली नोकरी : भाग 7

कोडोलीच्या पोराला शिफ्ट म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. वारणानगर गावाला लागूनच. तात्यासाहेब कोऱ्यांनी पन्नासच्या दशकात तिथं सहकारी साखर कारखाना उभा करायला घेतला, मागून दूध संघ आला, शाळा-कॉलेजं आली, बाजार आला. तेव्हापासून हंगामात रात्रपाळी करून पहाटे दार वाजवणारा बाप नाहीतर चुलता इथल्या बऱ्याच घरांनी पाहिलाय. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार हे साखर धंद्याचं जुनं वेळापत्रक. जेवण, झोप, भावकीतली लग्नं, सगळं त्यात बसवायचं.

पण घरच्यांना दिसतो तो शिफ्टवरून आलेला माणूस. शिफ्ट सोडतानाची त्याची शेवटची दहा मिनिटं कुणी पाहिलेली नसतात. मागच्या भागात आपण कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेलो होतो. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडेल ते काम करत शिकलेल्या शांतारामबापूंनी 1929 साली दामले-फत्तेलालांसोबत ‘प्रभात’ कशी काढली, ते पाहिलं. ती गोष्ट होती पडेल ते काम करण्याची. आज काम अर्धं सोडून घरी कसं जायचं, ते पाहू. कारण नोकरीत बहुतेक कामं अर्धीच सोडून जावी लागतात.

साखर कारखान्यातला पॅन घ्या. पॅन म्हणजे एक बंद, उंच, प्रचंड भांडं. आतली हवा खेचून व्हॅक्युम केलेला असतो, त्यामुळं रस कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही. त्या घट्ट रसात साखरेचा दाणा धरायचा आणि हळूहळू वाढवायचा. पॅनमन अधूनमधून सळईनं नमुना बाहेर काढतो, काचेवर पसरतो, उजेडासमोर धरतो आणि दाणा बघतो. मुरलेला पॅनमन चिमटीत घेऊनच सांगतो. एक पॅन शिजायला काही तास लागतात आणि शिफ्ट काही पॅनचं बघून सुटत नाही. पहाटेचे चार वाजतात तेव्हा माल अर्ध्यावर असतो.

आता समजा, अडीच वाजता व्हॅक्युम पडला होता. चांगल्या दाण्यांमध्ये नको तो बारीक दाणा पडला. रात्रीच्या पॅनमननं पाणी देऊन तो विरघळवला, व्हॅक्युम परत जागेवर आला. चार वाजता आलेल्या माणसाला काय दिसणार? घड्याळासारखे गोल मीटर, सगळे जिथल्या तिथं. मीटर फक्त आत्ताचं सांगतो. अडीच वाजता काय झालं, ते माणसालाच सांगावं लागतं. जाणारा एवढंच म्हणाला, ‘अडीचला व्हॅक्युम गेला होता, बारीक दाणा धुतलाय, पण काचेवर बघत ऱ्हा’, तर येणारा सळई हातात घेऊनच उभा राहतो. जाणारा जर ‘ओके हाय सगळं’ म्हणून डबा उचलून निघाला, तर उरलेला बारीक दाणा पुढं साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या मशीनच्या जाळीत बसतो. मळी निथळत नाही, मग जास्त पाणी मारून धुवावं लागतं आणि तयार झालेली साखर पुन्हा विरघळून मळीत जाते. बोलणी कुणाला बसतात? चारला आलेल्याला.

नव्या पोरांच्या तोंडी हे ‘ओके’ फार. ते खोटं बोलतात असं नाही. त्यांना खरंच वाटतं की बिघडलेलं आपण दुरुस्त केलं, म्हणजे विषय संपला. पण दुरुस्त केलेली गोष्टच आधी सांगायची असते, कारण ती पुन्हा बिघडायची शक्यता सगळ्यात जास्त.

हे साखरेपुरतं होतं तेव्हा नुकसान पोत्यांत मोजता येतं. 6 जुलै 1988 च्या रात्री ते तसं मोजता आलं नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ नावाचा तेल आणि वायू काढणारा तळ होता. तिथं शेजारी शेजारी दोन पंप होते, एक चालू, एक राखीव. दिवसपाळीत राखीव पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि मोकळ्या तोंडावर तात्पुरती चकती बसवली होती. काम संध्याकाळपर्यंत उरकलं नाही. हा पंप चालू करू नका, असा कागद तयार होता. तो द्यायला दुरुस्तीवाला गेला तेव्हा जबाबदार माणूस दुसऱ्या कामात होता. दुरुस्तीवाल्यानं कागदावर सही केली, कागद तिथं ठेवला आणि तो निघून गेला.

रात्री पावणेदहाच्या सुमारास चालू पंप बंद पडला. तो काही केल्या सुरू होईना, आणि दोन्ही पंप बंद म्हणजे तळाची वीजच धोक्यात. रात्रपाळीच्या लोकांनी कागद चाळले. राखीव पंपाच्या दुसऱ्या एका कामाचा कागद त्यांना मिळाला, ते काम अजून सुरूच झालं नव्हतं. व्हॉल्व्ह काढल्याचं कुणाला माहीत नव्हतं आणि ती जागा पंपापासून उंचावर, सहज नजरेला पडणारी नव्हती. त्यांनी पंप चालू केला. चकतीतून वायू सुटला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. 167 माणसं गेली. पुढं लॉर्ड कलन यांच्या चौकशीनं 1990 साली 106 शिफारशी केल्या. कामाचा परवाना कसा द्यावा, शिफ्ट बदलताना काय सांगावं, याचे आज जगभरच्या तेल कंपन्यांत जे कडक नियम आहेत, त्यांची मुळं बरीचशी त्या चौकशीत आहेत.

आगीची भिंत, शेजारच्या तळांवरून सुरूच राहिलेलं तेल, सुटकेच्या वाटा, त्या दुर्घटनेची कारणं पुष्कळ आहेत. माझं लक्ष मात्र त्या संध्याकाळच्या क्षणावर अडकतं : समोरचा कामात होता, म्हणून सांगणारा सांगायचा थांबला.

आपल्याकडची पोरं इथंच अडकतात. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, हे आपल्या घरांत चालायला लागल्यापासून शिकवलेलं. सोप्यात चारचौघं बसली असतील तर पोरानं उंबऱ्याशी थांबायचं, कुणी ‘काय रं?’ विचारलं तरच बोलायचं. घरात ही रीत शोभते. तेच पोरगं शिरोलीच्या एमआयडीसीत लागतं, साहेब फोनवर असतात, ते दारात पाच मिनिटं थांबतं आणि ‘उद्या सांगू’ म्हणून बसला पळतं. त्याला वाटतं आपण अदब राखली. म्हणून हे एक घरचं वळण नोकरीत मोडावं लागतं, आणि ते मोडताना सुरुवातीला फार जड जातं. ‘साहेब, एक मिनिट, लायनिंगचं सांगायचंय’ एवढं फोन चालू असतानाच म्हणता आलं पाहिजे.

लायनिंगचं उदाहरण उगीच घेतलं नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टीच्या आतून जो थर असतो, तो प्रत्येक हीटला, म्हणजे लोखंड वितळवायच्या प्रत्येक खेपेला, थोडा थोडा झिजतो. किती हीट झाल्या, कुठं झीज दिसली, याची नोंद राहिली नाही तर वितळलेलं लोखंड थर फोडून पाण्याच्या कॉईलपर्यंत पोचू शकतं. पाणी आणि वितळलेलं लोखंड एकत्र आलं की काय होतं, ते फाउंड्रीतल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा.

साहेब खेकसले तर? खेकसतात काही साहेब. वाईट बातमी आणणाऱ्यावरच भडकणारा वरिष्ठ आपल्या खात्यातल्या बातम्या स्वतःच बंद करून घेतो. दोष त्याचा, पोराचा नाही. पण म्हणून पोराची सुटका होत नाही. तोंडी ऐकून घेत नसतील तर रजिस्टरात लिहायचं, वेळ घालून, आणि येणाऱ्याला बोट ठेवून ती ओळ दाखवायची. बोट ठेवून दाखवणं महत्त्वाचं. पायपर अल्फावर कागद होताच की.

रजिस्टरचा विषय निघालाच आहे तर थोडं त्यावरही. तासातासाला रीडिंग लिहायचं असतं आणि बरेच जण शिफ्ट संपताना एका बैठकीत आठही ओळी भरतात. जुन्या इंजिनिअरला ते पान उघडताक्षणी कळतं. एकच शाई, एकच तिरका हात, आणि आठ तास प्रेशर जागचं हललेलं नाही. खरं यंत्र असं वागत नाही. ते थोडं वर जातं, थोडं खाली येतं. ज्याच्या वहीत आकडे हलतात, त्याच्यावर विश्वास बसतो.

आकड्यावरून आठवलं, गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ हीच परीक्षा चालते. नवा पोरगा फॅट मोजायच्या मशीनवर बसतो. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा दराचा पाया, म्हशीला 6 आणि 9. एक पॉइंट इकडं-तिकडं झाला की दर हलतो. रांगेत चुलत चुलता किटली घेऊन उभा.

‘किती लागली रं?’

‘तीन-तीन, तात्या.’

‘काल तर तीन-सहा हुती. नीट ढवळलंस का?’

‘परत लावू का तुमच्यासमोर?’

हे शेवटचं वाक्य सोन्याचं. पोरानं वाद घातला नाही, आकडाही बदलला नाही. दूध नीट ढवळून, पुन्हा तपासून दाखवायची तयारी ठेवली. तात्यांना 3.5 लिहून दिली असती तर ते तेवढ्यापुरते खूश होऊन गेले असते. पण संस्थेचं एकत्र दूध पुढं संघात जातं आणि तिथं पुन्हा तपासलं जातं. शंभर किटल्यांत थोडी थोडी वाढवलेली फॅट तिथं मिळत नाही. तो फरक संस्थेच्या अंगावर येतो, म्हणजे ज्यांनी चांगलं दूध घातलं त्यांच्याच खिशातून जातो. आणि गावाला हे कळायला वेळ लागत नाही. मग खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

काय सांगायचं, याइतकंच किती सांगायचं हेही शिकावं लागतं, आणि त्याचा धडा तर आपल्याच भागात गिरवला गेलाय. 1998 मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकारानं वारणा परिसरातल्या सत्तर गावांत संगणक पोचवायचा प्रकल्प झाला. ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून त्याचं देशभर नाव झालं. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी योजना, सगळं गावात मिळणार होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी येऊन पाहिलं, तर संगणक चालत होते ते मुख्यतः उसाच्या कामापुरते : तोडीची परवानगी, उसाचं वजन, खताचा हिशेब. मग त्यांनी तीच माहिती मोबाईलच्या साध्या मेसेजवर देऊन पाहिली आणि शेतकऱ्यांचं काम भागलं. मला हा प्रकल्प फसला असं म्हणवत नाही. शेतकऱ्याला नेमकं काय हवं असतं, हे त्यातूनच कळलं.

शिफ्ट देतानाही तेच. पहिल्या महिन्यात मुलं एकतर काहीच सांगत नाहीत, नाहीतर आठ तासांचं कीर्तन लावतात. येणाऱ्याला तीनच गोष्टींची भूक असते : काय बिघडलं होतं, त्याचं मी काय केलं, आणि काय अर्धवट आहे. चहा उशिरा आला, स्टोअरवाला कसा बोलला, हे बसमध्ये सांगा.

पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. तिथं शिफ्ट बदलत नसेल, पण माणूस रजेवर जातो. चैत्रात जोतिबाची यात्रा आली की आपल्याकडचा माणूस जिथं असेल तिथून निघतो, आणि जावंच. फक्त वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गुलालात न्हाऊन उभं असताना ऑफिसचा फोन आला, ‘अरे ती फाइल कुठं सेव्ह केलीस?’ तर तो फोन आदल्या दिवशीच्या चार ओळींच्या मेलनं टाळता आला असता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘नोटेड सर’ लिहिणं म्हणजे काम सोपवणं नव्हे. कुणी, काय, कधीपर्यंत, हे त्यात कुठंच नसतं.

आता उलट बाजू. तुम्ही शिफ्ट घेत असाल तर पंधरा मिनिटं आधी पोचा. भोंग्याच्या ठोक्याला आत शिरणाऱ्याच्या हाती फक्त ‘ओके’ लागतं, कारण जाणाऱ्याचा पाय तेव्हा बाहेर पडलेला असतो. आधी मागचं पान वाचा, मग यंत्राभोवती स्वतः एक फेरी मारा, आणि मगच विचारा. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलंत तर ‘ठीक’ असंच उत्तर येणार. ‘मामा, अर्धवट काय ठेवलंय?’ असं विचारून बघा. मामा आधी थोडे चमकतील, मग डबा खाली ठेवून बोलायला लागतील.

पुढच्या आठवड्यात पगाराची पावती वाचू. मूळ पगाराच्या 12 टक्के पीएफ कापला जातो म्हणजे नेमका कुठं जातो, मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शनकडं का वळतात, आणि नोकरी बदलली तरी यूएएन नंबर तोच का ठेवायचा, हे त्यात पाहू. या महिन्याची पावती तोवर जपून ठेवा, ती समोर घेऊनच वाचायचं आहे.