काळीज, कलेजी आणि रात्रीचं दुखणं

रमजानमध्ये पिशोरची रात्र लवकर होत नाही. मगरिबच्या अजानला खजूर आणि पाण्यावर रोजा सुटतो. मग भजी, समोसे, शरबत. नमाजनंतर जेवण, पुढे इशा आणि तरावीह. पहाटे सहरीसाठी पुन्हा चूल पेटते, आणि फजर झाली की माणूस भरल्या पोटी आडवा होतो. याच महिन्यात बऱ्याच घरांत एक वाक्य ऐकू येतं, ‘सीने में जलन है, गॅस हुआ होगा.’ शेजारच्या घरात दिवाळीच्या फराळानंतर तेच वाक्य मराठीत येतं, ‘छातीत जळजळतंय, पित्त झालं असेल.’ तक्रार आणि निदान एकाच दमात.

यात थोडा दोष भाषेचाही आहे. खाटकाकडे कलेजी मागितली तर तो यकृत देतो. मराठीतलं काळीजही मुळात यकृतच, पण काळजाला घरं पडतात तेव्हा आपला हात छातीवरच जातो. इंग्रजांनी तर पित्ताच्या जळजळीलाच ‘हार्टबर्न’ म्हटलं. शरीराचाही असाच गोंधळ होतो. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते आणि दोघांच्या वेदना मणक्यातल्या जवळपास त्याच वाटांनी मेंदूकडे जातात. त्यामुळे दुखतंय कुठलं, हे दुखणाऱ्याला सांगता येतंच असं नाही.

बहुतेक वेळा ते पित्तच असतं, हेही खरं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूची एक झडप असते. पोट गच्च भरलं, तळलेलं जास्त झालं की ती सैल पडते. आडवं होताच आम्ल वर चढतं, आंबट ढेकर येते, घशापर्यंत जळतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. इफ्तारनंतर तरावीहमुळे हे अंतर आपोआप मिळतं. अडचण सहरीची आहे. नान-खलियाची रात्र असेल तर सहरी हलकी ठेवावी, लगेच झोपायचंच असेल तर उशाकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर झोपावं. बोटाने दाबलं की नेमकं तिथेच दुखत असेल तर बरेचदा बरगडीचा स्नायू असतो. मक्याची पोती उचलणाऱ्यांना हे ठाऊक आहे. खोल श्वास घेताना टोचत असेल आणि ताप, खोकला असेल तर फुप्फुस तपासावं लागतं.

पण हृदयाचं दुखणं वेगळ्या जातीचं असतं. ते जळण्यापेक्षा दाबतं, आवळतं, कुणी छातीवर बसल्यासारखं वाटतं. डावा हात, जबडा, पाठ, कधी बेंबीच्या वर. सोबत थंड घाम, धाप, मळमळ. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांत छातीत फारसं न दुखता नुसता थकवा आणि घाम एवढंच असू शकतं. ‘उठून बसलं की बरं वाटतं, म्हणजे गॅस’ ही समजूतही धोक्याची आहे. हृदय अशक्त झालेल्या माणसालाही आडवं झाल्यावर धाप लागते आणि बसल्यावर आराम पडतो. सोड्याने ढेकर आली म्हणून हृदय सुटलं असंही नाही.

अभिनेते श्रेयस तळपदे यांचं उदाहरण ताजं आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरण संपल्यावर त्यांना धाप लागली, डावा हात दुखू लागला. अ‍ॅक्शनच्या दृश्यांमुळे स्नायू दुखावला असेल असं आपल्याला वाटलं, हे त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलं. पत्नीने तातडीने रुग्णालयात नेलं, अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. वय होतं ४७. मुंबईत रुग्णालय जवळ होतं. आपल्याकडे कन्नड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं म्हणजे रात्रीचा रस्ता, आणि रक्तवाहिनी बंद असताना हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासाभरात मिळालं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

त्यात रमजानचा एक खास अडसर आहे. सहरीचा वक्त संपल्यावर छातीत कळ आली तर माणूस म्हणतो, आता रोजा लागला, इफ्तारनंतर पाहू. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर भरून काढण्याची मुभा सूरह बकरामध्ये, रोजा फर्ज करणाऱ्या आयतींच्या शेजारीच आहे. हृदयविकाराच्या जिभेखालच्या गोळीबद्दल तर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली जेद्दाच्या बैठकीत निर्णय दिला, की तिचा अंश गिळला नाही तर रोजा तुटत नाही. मात्र ही गोळी ज्याला डॉक्टरांनी दिली त्यानेच घ्यावी. शेजाऱ्याची उसनी घेतली आणि रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर जिवावर बेततं. आणि हृदय, रक्तदाब किंवा साखरेची औषधं सुरू असतील तर दुपारची मात्रा परस्पर गाळू नये. वेळा बदलून देणं डॉक्टरांचं काम आहे, ते रमजानच्या आधी करून घ्यावं.

दाबल्यासारखं दुखणं पाच-दहा मिनिटांत गेलं नाही, किंवा घाम-धाप सोबत असेल, तर १०८ ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, रात्रीही चालते, पैसे लागत नाहीत. रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तर नेऊच नका. अ‍ॅस्पिरिन चावून द्यायची का, हे फोनवर डॉक्टरांना विचारा; रक्तस्राव किंवा अ‍ॅलर्जी असणाऱ्याला ती चालत नाही. जवळच्या दवाखान्यात आधी ईसीजी काढून घ्या. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी परतू नये. पुन्हा काढावा लागतो, आणि रक्तातलं ट्रोपोनिन वाढायला काही तास जातात. खर्चाच्या भीतीने थांबणारे खूप आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार दाखवावं लागतं. ती कागदं, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि जुना ईसीजी एका पिशवीत दाराजवळ ठेवावा. गल्लीत रात्री दोनला कोणाची गाडी निघू शकते, तो फोन नंबरही त्याच पिशवीवर लिहून ठेवावा, मग तो पठाणांचा असो की जाधवांचा.