ट्रकचालकांचे हातमोजे : निवड आणि निगा

ताडपत्रीचे दोर आवळणे, चाक बदलणे, डिझेल भरणे ही सारी कामे एकाच हातमोज्याने निभत नाहीत. दोर व तारेसाठी चामड्याचा मोजा उत्तम. डिझेल किंवा ग्रीसशी संबंध येत असल्यास नायट्रिलचा लेप असलेला घ्यावा. नैसर्गिक रबर तेलाने फुगते आणि मऊ पडते. युरोपीय मानक ‘ईएन ३८८’ नुसार घर्षणरोधाची श्रेणी ० ते ४ अशी असते.

मोजा सैल नसावा. इंजिन सुरू असताना पंख्याजवळ वा पट्ट्याजवळ मात्र कोणताही मोजा घालू नये, कारण त्यात अडकलेला मोजा हातालाही ओढून नेतो. भिजलेले चामडे, अनेकांची सवय असली तरी, तापलेल्या बॉनेटवर वाळवू नये. ते कडक होऊन तडकते. सावलीतच वाळवावे.