बंधाऱ्यावरचा गळ आणि जूनची चढण

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. कोकणातला माणूस संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर गळ टाकून बसतो. आपल्याकडे ती हौस कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर भागते. भोगावती असो, कासारी असो की पंचगंगा, ऊन उतरलं की वेळूची काठी, तंगूस, बूच आणि डब्यात गांडुळं घेऊन मंडळी हजर! कुणाला शिंगटी लागते, कुणाला वाम, आणि चिलापी तर सगळ्यांनाच.

मासा बंधाऱ्यापाशीच का जमतो? ऑक्टोबरच्या सुमारास बरगे घातले की वर पाणी तुंबते. फटींतून झिरपणारे पाणी खाली दगडावर आपटते, त्यात हवा मिसळते. उन्हाळ्यात पाणी तापले, त्यात सांडपाणी उतरले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मग मासा अशा खळाळत्या जागी गोळा होतो. संध्याकाळी पाणी निवते, किडे पाण्यावर उतरतात आणि मासा चरायला वर येतो. गळ टाकणाऱ्याला हे ठाऊकच असते.

गळाने नदी रिकामी होत नाही. एका गळाला एक मासा. खरे नुकसान होते ते जूनमध्ये. पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्याला गढूळ पाणी आले की नदीतला मासा अंडी घालायला उलटा वर चढतो. हेच आपले चढणीचे मासे. ओढ्यातून तो थेट भाताच्या खाचरापर्यंत जातो. त्या वेळी मादीचे पोट गाभोळीने भरलेले असते. आपण काय करतो? ओढ्याच्या तोंडाला जाळी लावतो, बुट्ट्या मांडतो, रात्री बॅटरी घेऊन काठीने मारतो. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. बियाण्याचं पोतं दळून भाकरी करावी, तसाच हा प्रकार. मग पुढच्या उन्हाळ्यात बंधाऱ्यावर बसून "आता पहिल्यासारखा मासा राहिला नाही" म्हणायचं!

मरळीचेही तसेच. तिची तांबूस पिले पाण्यावर झुबक्याने फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. त्यांना उचलले की पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. म्हणून झुबका दिसला की तिथला गळ काढून घ्या. चिलापी मात्र खुशाल धरा. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आला. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा पिले काढते. तो कमी झाला तर आपल्या माशांना जागाच होईल.

विजेचा करंट, ब्लिचिंग पावडर आणि सुरुंग यांच्या वाटेला कुणी जाऊ नये. सुरुंग आणि विषाने मासे मारायला १८९७ सालच्या कायद्यातच मनाई होती. करंटने तर माणूसही जातो. शेवाळलेल्या बंधाऱ्यावर सांभाळून बसा, आणि धरणातून पाणी सोडल्याची दवंडी आली की गळ गुंडाळून घरी चला. पाणी मच्छीमार सोसायटीला ठेक्याने दिले असेल, तर तिची परवानगी घ्या.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती की, मे महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. चढणीच्या दिवसांत ओढ्यांवर जाळी लावायची नाही, असा ठराव करावा. बरगे पावसापूर्वी निघतील याचा पाठपुरावा ठेवावा. पुराच्या दृष्टीने ते हवेच, शिवाय माशाला वर जायला वाट मिळते. कोकणात जून-जुलैमध्ये यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम सुरू होतो. एवढ्या मोठ्या दर्याला विसावा लागतो, तर आपल्या ओढ्याला नको का?

यंदा चढणीचा मासा वर जाऊ द्या. पिले पुराच्या पाण्याबरोबर नदीत उतरतील, वाढतील आणि तुमच्याच बंधाऱ्यावर, तुमच्याच गळाला लागतील.