मागच्या भिंतीला मनीप्लँट

पॅलुडेरियम म्हणजे अर्धं पाणी, अर्धी जमीन असलेली काचेची पेटी. तिची मागची भिंत झाकायला महागडी रोपं शोधण्याआधी घरातल्या मनीप्लँटकडे बघा. ही वेल मूळची फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरची. बाटलीतून लोंबकळताना तिची पानं तळहाताएवढीच राहतात. आधार धरून वर चढू लागली की मोठी होत जातात. उंच झाडावर चढलेल्या वेलीचं पान तर तीन फुटांपर्यंत जातं, कडेने फाटतंही! म्हणून भिंतीला कॉर्कची साल किंवा काथ्याचा पट्टा लावा आणि तो सतत ओला ठेवा. पेरांवरची जाडसर तपकिरी मुळं त्यात घट्ट रुततात. काही मुळं थेट पाण्यात सोडा, माशांच्या विष्ठेतून तयार होणारं नायट्रेट ती शोषून घेतात. पानं मात्र बुडू देऊ नका, कुजतात. फुलांची वाट पाहू नका: जिबरेलिन हे संप्रेरक बनवणाऱ्या जनुकातच दोष असल्याने ही वेल सहसा फुलत नाही. छाटणी नियमित हवी, नाहीतर खालच्या नेच्यांना उजेड मिळत नाही. पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते. पाला खाणारे प्राणी या पेटीत ठेवू नका.